पेटी हातातच ठेवावी

टॅक्सी गतिरोधकावरून उडाली, त्याच्या मांडीवरची पेटी बोटभर वर गेली आणि परत मांडीवर आदळली. झालं एवढंच. टॅक्सीवाल्याच्या लेखी तर काही झालंच नाही. त्यानं आरशातून एकदा मागे पाहिलं आणि मागच्या परदेशी पाहुण्याच्या तोंडून निघालेले शब्द शिवी समजून की आभार समजून कोण जाणे, पण मान डोलावली. शिवीच होती ती. चांगली घसघशीत, मातृभाषेतली, आणि तिचं इथे कुणालाच काही वाटू नये याचाच त्याला जास्त वैताग आला. म्हणजे शिवी देण्यातसुद्धा आता काही राम उरला नाही. त्यानं पेटीच्या अंगावर हात ठेवला. पेटी कोमट होती, नेहमीसारखी, आजारी मांजरासारखी. आत केसाएवढ्या बारीक काचेच्या स्प्रिंगला एक चिमूटभर वजन लटकलेलं, आणि ती स्प्रिंग आता नक्की दुखावली असणार. उडी मारली असणार तिनं. आज पुन्हा आकडे जुळणार नाहीत. काल जुळले नव्हते, परवा जुळले नव्हते, त्याआधीही नाही, आणि दर खेपेला एक टॅक्सी, एक खड्डा, एक असाच मान डोलावणारा माणूस. त्याला वाटलं, या शहरातले सगळे रस्ते मिळून आपल्या एकट्यावर उठले आहेत.

खरं म्हणजे आत्ता तो हॉटेलकडे जायला हवा होता. कामाची रीतच तशी: सकाळी ज्या जागेवर यंत्र टेकवून पहिला आकडा घ्यायचा, दिवसभर हिंडून संध्याकाळी परत त्याच जागेवर येऊन शेवटचा घ्यायचा. त्या जागेला ते लोक बेस म्हणतात. जागा तीच, जमीन तीच, म्हणजे दोन आकड्यांत जो फरक पडेल तो यंत्राचा. स्प्रिंग दिवसभरात जेवढी सैलावली तेवढा. तो वजा केला की बाकीचे आकडे खरे. तीस वर्षं तो हेच करत आला होता. लोक विचारायचे, तुमचं यंत्र म्हणजे वजनकाटा का हो? तो म्हणायचा, हो, वजनकाटाच, फक्त यात वजन कायम तेच असतं आणि तोलायची असते ती पृथ्वी. पायाखाली पोकळी असेल तर पृथ्वी तिथे किंचित कमी ओढते, भरीव असेल तर किंचित जास्त. इथे एका मोठ्या गोदामाची जमीन खचत होती आणि खाली कुठे पोकळ आहे ते त्यानं सांगायचं होतं. पण दुपारी वहिनीचा फोन आला, याच शहरातून, इस्पितळातून. वहिनी फोनवर कधी रडत नाही, ती फार नीट बोलते, एकेक शब्द घडी घालून ठेवल्यासारखा, आणि तसंच ती म्हणाली, "भावजी, उद्या सकाळी घेणार आहेत यांना आत. भेटायला फक्त चार ते पाच सोडतात. या आज. हे विचारतायत सारखे." सारखे विचारतायत म्हणे. आई गेल्यापासून अकरा वर्षं नाही विचारलं ते.

(पेटी हातातच ठेवावी.)

हे वाक्य परवानेवाल्या बाईंचं. त्याच्या कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशिनच्या शेजारी बसणाऱ्या, वयानं त्याच्या मुलीएवढ्या, नियमांच्या बाबतीत त्याच्या आजीएवढ्या. कामाचं यंत्र थोड्या दिवसांसाठी परदेशी न्यायचं तर परवाना लागतो, हे त्याला ठाऊक होतं. पण याआधी कधी त्याचं यंत्र त्या यादीत नव्हतं. या नव्या पेटीनं म्हणे पाणबुड्यांना अंधारात वाट सापडते, डोंगराखालचे गुप्त तळ सापडतात. "मला गोदामाखालचं भोक सापडलं तरी पुष्कळ आहे," तो म्हणाला होता. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, तात्पुरतं नेताय म्हणून सूट आहे. सुटीला अटी आहेत. हीच पेटी, याच नंबरची, मुदतीच्या आत परत. मधल्या काळात ती पूर्ण वेळ तुमच्या ताब्यात."

"ताब्यात म्हणजे?"

"ताब्यात म्हणजे ताब्यात. एक तर हातात, नाहीतर कुलपात. कुलूप म्हणजे तिजोरी, हॉटेलच्या खोलीचं दार नव्हे."

"आणि संडासला गेलो तर?"

"सोबत न्यायची."

"आंघोळ?"

"दिसेल अशी ठेवायची." त्यांनी हे असं सांगितलं की जणू पेटीचीच आंघोळ चालली आहे. "आणि सर, तिथल्या कुणाच्याही हातात द्यायची नाही. हमाल नाही, गोदामवाला नाही, ओळखीचा नाही. तिथल्या नागरिकाच्या हाती गेली की ती निर्यात झाली. पाच मिनिटं धरली तरी झाली."

"माझा सख्खा भाऊ आहे तिकडे."

"नागरिकत्व कुठलं?"

तिकडचंच होतं. आईसुद्धा एवढं थेट कधी विचारायची नाही ते.

आणि मग इथे आल्यापासूनचं ते लटांबर. हॉटेलच्या खोलीत तिजोरी होती, पण तिच्यात पासपोर्ट आणि फार तर एक बूट मावला असता. हॉटेलच्या व्यवस्थापकानं पेटीकडे आणि तिजोरीकडे आळीपाळीनं पाहून खांदे उडवले. मग पेटी हातात. जेवायला पेटी, तिच्यासाठी वेगळी खुर्ची ओढली की वाढपी दोन ताटं मांडायचा. कपडे धुवायला टाकायला पेटी. एकदा औषधाच्या दुकानात डोकेदुखीची गोळी घेताना सुटे पैसे काढायला हात मोकळा नव्हता म्हणून त्यानं पेटी क्षणभर गल्ल्यावर ठेवली, आणि दुकानदारीणबाईंनी ती नुसती बाजूला सरकवली, दोन बोटांनी, तर यानं ती झटकन छातीशी ओढली: झाली का निर्यात? दोन बोटांची? झोपताना पेटी उशाशी, चार्जरला लावलेली, कारण ती गार पडली की आतली स्प्रिंग रुसते आणि दोन दिवस मनधरणी करावी लागते. आणि हो, बेससुद्धा त्यापायीच हॉटेलात घ्यावा लागला. गोदामाची दारं उशिरा उघडायची, लवकर बंद व्हायची, तिथे पेटी ठेवता येत नव्हती. मग तळमजल्यावर जिन्याखालच्या कोपऱ्यात एक जाड फरशी त्यानं निवडली होती, खडूनं तीन पायांच्या तीन खुणा केल्या होत्या. निवडताना मनात काहीतरी खुटखुटलं होतं. त्याला काम शिकवणारे म्हातारे साहेब म्हणायचे, बेस घ्यायच्या आधी फरशीला लाथ मारून बघ, आवाज काय देते ते. त्यानं लाथ मारली नव्हती. हॉटेलातली स्वागतिका बघत होती. पेटी कुशीत घेऊन हिंडणारा हा माणूस आता फरशीला लाथाही मारतो असं तिला वाटू नये म्हणून. आणि मग रोज संध्याकाळी आकडा न जुळणं, आणि रोज रस्ता, रोज खड्डा, रोज टॅक्सीवाला.

टॅक्सी थांबली. इस्पितळाचं दार आपोआप उघडलं, तसं ते उघडलं की आपण आत जायलाच हवं असं काहीतरी असतं त्यात. तळमजल्यावरच लांबच लांब बोळ, भिंतीला कंबरेएवढ्या उंचीवर लाकडी कठडा, फरशीला मेणाचा वास. वॉर्डाच्या दाराशी एक नर्स बसली होती आणि तिच्या शेजारी वहिनी उभी होती. वहिनी म्हातारी झाली होती. हे त्याला फोटोंत दिसलं नव्हतं. फोटोत माणूस तेवढ्यापुरतं तरुण होतं. "आलात," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा जरा सुटला. तेवढ्यात नर्सनं पेटीकडे बोट दाखवलं. आत यंत्र नाही. काही चालू असलेलं नाही, तारा नाहीत, बॅटरी नाही. बंद करा आणि बाहेर ठेवा. त्यानं समजावून सांगितलं की हे बंद करता येत नाही. मग चालू ठेवा आणि बाहेर ठेवा. त्यानं समजावून सांगितलं की बाहेरही ठेवता येत नाही. नर्सनं त्याच्याकडे अशा सहनशीलतेनं पाहिलं की त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"द्या इकडे, मी धरते की," वहिनी म्हणाली. हात पुढे. "तुम्ही जा. वेळ चाललाय."

तो मागे सरकला. खरंच सरकला, एक पाऊल. आणि ते वहिनीला दिसलं.

"काय हो?"

"वहिनी, तसं नाही. मला देता येत नाही. नियम आहे. तुम्ही इथल्या... तुम्ही दोघंही आता इथले ना, म्हणून."

"म्हणजे मी काय पळवून नेणारे का काय?"

"तुम्ही नाही हो. कायदा म्हणतो."

"बरा तुमचा कायदा. आतमध्ये सख्खा भाऊ पडलाय, उद्या छाती उघडणारेत त्याची, झडप बदलायचीय, आणि तुम्ही पेटी घेऊन दारात उभे." तिनं हे घडी घालून नाही म्हटलं. पहिल्यांदाच तिच्या शब्दांच्या घड्या विस्कटलेल्या ऐकल्या त्यानं.

आता कोण बघणार होतं? परवानेवाल्या बाई समुद्रापलीकडे झेरॉक्सशेजारी. पेटीला तोंड नाही. वहिनीनं बाकावर बसून ती मांडीवर घेतली असती, पाणबुड्या जागच्या जागी राहिल्या असत्या, गुप्त तळ गुप्तच. तो हे सगळं जाणून होता आणि तरी त्याची बोटं कडीवरून सुटत नव्हती, आणि बोटं का सुटत नाहीत याचं जे कारण त्याच्या मनात वर येत होतं ते नियमाचं नव्हतंच. ते दादाचं होतं. 'दे इकडे, पाडशील.' सगळ्या लहानपणात दादानं त्याला दुसरं काही म्हटलं असेल तर आठवत नाही. दुधाचं पातेलं: दे इकडे, पाडशील. शाईची बाटली: दे इकडे. वडिलांनी नवा आरसा आणला, दोघा भावांना दुकानातून घरी न्यायला सांगितलं, तेव्हा हा आरसा छातीशी धरून चालत होता आणि आरशात आकाश चालत होतं, झाडाचे शेंडे, विजेच्या तारा, एका घराच्या गच्चीवरची वाळत घातलेली चादर, सगळं याच्या हातात, याच्या चालीनं डुलत; आणि दादा म्हणाला, दे इकडे, पाडशील, आणि घेतला, आणि कोपऱ्यावर वळताना पाडला. दादानं. आणि घरी आई म्हणाली, तू मध्ये आला असशील. आई! तू मध्ये आला असशील! पन्नाशी उलटली तरी हे वाक्य आठवलं की त्याच्या कानशिलाशी गरम व्हायचं. मग दादा परदेशी निघून गेला, मोठ्या थाटात, सगळं याच्या हातात ठेवून: घर, आईची पथ्यं, आईचे गुडघे, गळकं छत, आणि तेव्हा मात्र नाही म्हणाला, दे इकडे. हा राहिला. कुणीतरी जागेवर राहावं लागतं. हा जागेवर राहिला म्हणून दादा किती लांब गेला ते निदान मोजता तरी आलं.

"हे बघा, आलेच स्वतः," वहिनी म्हणाली. "ऐकतात का कुणाचं."

दादा वॉर्डाच्या दारातून बाहेर येत होता. हिरवट झगा, उघडे पाय, सपाता, आणि हातात चाकांचा खांब, खांबाला टांगलेली पिशवी, पिशवीतून नळी, नळी दादाच्या मनगटात. नर्स उठली, काहीतरी म्हणाली. दादानं तिला असं काही उत्तर दिलं की ती हसून परत बसली. हे दादाला जन्मापासून जमतं. तो खांब ढकलत आला आणि भावासमोर उभा राहिला. दोघंही काहीतरी धरून उभे होते, आणि दोघांनाही ते सोडता येत नव्हतं.

"बारक्या," दादा म्हणाला. "केस गेले की रे तुझे."

"तुझे पण."

"माझे गेले नाहीत, मी काढले. उद्यासाठी." छातीवरच्या झग्याकडे बोट. "इथले." मग त्यानं पेटीकडे पाहिलं, आणि त्याचा मोकळा हात, सवयीनंच, पन्नास वर्षांच्या सवयीनं, पुढे आला. "काय एवढं जड घेऊन हिंडतोयस? दे इकडे."

"नाही."

दादाचा हात हवेत राहिला.

"पाडशील म्हणशील आता," हा म्हणाला. आवाज चढला होता. बोळात लांबवर कुणीतरी मान वळवली. "म्हण की. आरसा कुणी पाडला होता?"

"कुठला आरसा?"

बघा. कुठला आरसा. याला त्या क्षणी पेटी, भाऊ, वॉर्ड, सगळं तिथेच टाकून निघून जावंसं वाटलं. फक्त पेटी टाकता येत नव्हती. वहिनीनं दोघांना बाकावर बसवलं, स्वतः पाणी आणायच्या निमित्तानं गेली. खांब एका बाजूला, पेटी दुसऱ्या बाजूला, मध्ये दोघं. दादाच्या अंगाला औषधाचा वास येत होता आणि त्याच्याखाली, अगदी खाली, घरातल्या उशीचा. दादानं विचारलं काम कसं चाललंय, आणि हा, दुसरं काही बोलायला नको म्हणून, कामाचंच सांगत सुटला: आकडे जुळत नाहीत, सकाळी निघतो तिथेच संध्याकाळी परत येतो तर आकडा वेगळा, रस्ते भिकार, टॅक्सीवाले माजलेले, स्प्रिंग रोज उडी मारते. उद्या शेवटचा दिवस, रात्रीच्या विमानाला पेटी परत निघायलाच हवी, आणि हातात धड काही नाही.

"आणि जिथून निघतोस ती जागाच हलत असली तर?" दादा म्हणाला.

"जागा कशी हलेल? जागा ती जागा."

"तसं रे. पण सगळे रस्ते वाकडे, सगळे टॅक्सीवाले माजलेले, आणि तू तेवढा एकटा जागच्या जागी? कधी तुझ्या मनात आलं नाही, की बाबा, आपणच तर सरकलो नाही?" आणि तो हसला, छातीवर हात दाबून, कारण हसायला मनाई होती.

"मी जागच्या जागीच होतो," हा म्हणाला. "तू गेलास. आईपाशी मी राहिलो."

"हो. राहिलास." दादानं सपातेतून पाय काढून गार फरशीवर ठेवला. "तीनदा बोलावलं मी तुला. इथे तुझ्यासारख्या कामाला माणूस मिळत नव्हता. तीनदा म्हणालास, आईला कोण बघणार."

"मग कोण बघणार होतं?"

"मावशी. दोघींचं ठरलं होतं. आईच मला म्हणायची फोनवर, याला ने बाबा तिकडे. मी ताईकडे राहीन, मजेत राहीन, आम्ही दोघी पत्ते खेळू. दर रविवारी म्हणायची. म्हणायची, माझं नाव पुढे करून बसून राहिलाय."

"खोटं."

"उद्या छाती फाडणारेत माझी. आज कशाला खोटं बोलू?"

"आरशाबद्दल बोललास की."

"खरंच नाही रे आठवत मला आरसा," दादा म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखरच तसा होता, रिकामा, जरासा घाबरलेला. "पाडला असेन. मी पुष्कळ काय काय पाडलं."

नर्सनं हात वर केला. वेळ संपली. दादा उठला, खांब धरला, आणि दारात वळून म्हणाला, "सकाळी येशील? का मोजायचंय तुला?" हा काहीतरी म्हणाला, बघतो म्हणाला बहुतेक. बघतो! त्याला स्वतःचाच राग आला, पण तोवर दार मिटलं होतं. वहिनी पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तो घ्यायला त्याचा एक हात मोकळा होता, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

परतीच्या टॅक्सीत त्याला आईची सूटकेस आठवली. एका दुपारी तो कामावरून लवकर आला तेव्हा आई स्टुलावर चढून माळ्यावरची जुनी सूटकेस खाली काढत होती. काढली, पुसली, उघडून गॅलरीत उन्हात ठेवली, आत वर्तमानपत्र अंथरलं. तो ओरडला होता, गुडघे बघ आपले, पडशील. साफसफाई करतेय, आई म्हणाली होती. सूटकेस बरेच दिवस तशीच उघडी होती गॅलरीत, रिकामी, आ वासून. त्याला वाटलं होतं, आई परत वर ठेवायची विसरली. शेवटी त्यानंच ती उचलून माळ्यावर टाकली होती, आणि आईनं खालून नुसतं पाहिलं होतं. कुणासाठी काढली होती तिनं? स्वतःसाठी, मावशीकडे जायला? की त्याच्यासाठी, दादाकडे पाठवायला? टॅक्सी खड्ड्यातून गेली. पेटी हलली. त्यानं या खेपेला शिवी दिली नाही, सुचलीच नाही.

जिन्याखाली, खडूच्या तीन खुणांवर त्यानं पेटी टेकवली, पातळी साधली, आकडा घेतला. जुळला नाही. अर्थात. स्वागतिका आता त्याच्याकडे बघायचीही थांबली होती. एरवी तो आकडा लिहून, चरफडत वर जायचा. आज वर जाऊन करायचं काय, म्हणून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिला, पेटी समोर, हात कडीवर. दादाचं ते हसणं डोक्यात घोळत होतं, दाबलेलं. त्यानं पुन्हा आकडा पाहिला. वाढला होता. थोडा वेळ गेला, आणखी वाढला. पेटीला कुणी हात लावला नव्हता, ना रस्ता, ना खड्डा, ना टॅक्सीवाला. पेटी आपल्या जागी बसून होती आणि पृथ्वी तिला हळूहळू जास्त ओढत होती. मग त्याला ऐकू आला तो आवाज, जो रोज त्या वेळी असणारच, पण ज्याच्या आधीच तो रोज वर निघून जायचा: खालून, फरशीखालून, घर्र घर्र, एक पंप. आणि पाणी. तो उठला आणि फरशीला टाच मारली, जोरात, तीनदा. फरशीनं पोकळ आवाज दिला, टाकीचा. अख्ख्या हॉटेलची पाण्याची टाकी. दिवसभर चादरी धुऊन, माणसं आंघोळी करून ती उपसायची, रात्री भरायची, आणि हा शहाणा तिच्या झाकणावर पेटी टेकवून रस्त्यांना शिव्या घालत होता. यंत्र ठणठणीत होतं. स्प्रिंगनं एकदाही उडी मारली नव्हती. सगळ्या खेपांना त्याच्या पायाखालची जागाच कधी भरत होती, कधी रिती होत होती. त्यानं कपाळाला हात लावला, दुसरा हात कडीवर ठेवून.

परवानेवाल्या बाईंनी फोन लगेच उचलला. त्यांचं कार्यालय नुकतंच सुटलं होतं, मागे जिन्यावर उतरणाऱ्या चपलांचे आवाज येत होते.

"सर, परवान्याची मुदत वाढत नाही," त्या आधीच म्हणाल्या.

"माहीत आहे. वाढवा म्हणत नाही. आकडे वाया गेले सगळे. बेस चुकला. माझ्यामुळे चुकला. उद्या एका दिवसात धावपळ करून निम्मं काम पुन्हा होईल, पण उद्या मी ते करणार नाही, एवढं वरती कळवा."

"का सर?"

"भावाचं ऑपरेशन आहे."

बाई पायऱ्या उतरत होत्या. मग, "पेटी हातात आहे ना?"

"आहे हो बाई. पेटी हातात आहे." आणि मग, त्याचं त्यालाच नवल वाटलं, त्यानं विचारलं, "दोघांनी धरली तर?"

"म्हणजे?"

"एका कडीला दोन हात. एक माझा. माझा सुटणार नाही. दुसरा तिथल्या नागरिकाचा."

बाई जिन्यावर थांबल्या असाव्यात, चपला थांबल्या. "असं नियमात कुठे लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"चालणार नाही, असं लिहिलंय?"

"तसंही नाही." त्यांनी घसा खाकरला. "तुमचा हात सुटला नाही, तर ताबा तुमचाच, सर. असं मी धरून चालते." आणि मग, अगदी वेगळ्या आवाजात, "मोठे आहेत का भाऊ?"

"हो," तो म्हणाला. "मोठा."

सकाळी तो लवकर पोचला तरी दादाला बाहेर काढलेलं होतं. ढकलगाडीवर आडवा, हनुवटीपर्यंत चादर, डोक्याला कागदी टोपी; टोपीत तो कुणाचाच मोठा भाऊ दिसत नव्हता. ढकलणारा उतारवयाचा, जाड मिशांचा माणूस होता, त्याला घाई होती. वहिनी एका बाजूनं चालत होती. हा दुसऱ्या बाजूनं चालायला लागला. दादानं त्याच्याकडे पाहिलं. औषधानं नजर जराशी पातळ झाली होती.

"मोजायला नाही गेलास?"

"बेस चुकला होता. खाली पाण्याची टाकी निघाली."

"म्हणजे जागाच हलत होती." दादाला ओठ हलवायला वेळ लागत होता, पण त्यानं ते वाक्य पुरं केलं. सोडतो कसला.

"हो. जागाच."

चादरीखालून हात बाहेर आला, आता त्यात नळी नव्हती, नुसती चिकटपट्टी. "दे इकडे," दादा म्हणाला. झोपेत म्हणावं तसं.

त्यानं पेटी ढकलगाडीवर दादाच्या कुशीशी टेकवली, कडी वर. दादाची बोटं कडीवर आली. त्यानं आपला हात सोडला नाही. कडी लहान होती, एका माणसाच्या मुठीएवढी, तेव्हा दोघांची बोटं एकमेकांत घुसली, दादाची गार, याची गरम, नखं टोचली. मिशीवाला काहीतरी म्हणाला. वहिनीनं त्याला काहीतरी सांगितलं, फार नीट, घडी घालून, आणि तो पुन्हा गाडी ढकलायला लागला. असे ते चौघं आणि पेटी त्या लांब बोळातून गेले. एका ठिकाणी फरशीला पत्र्याची पट्टी होती, चाकं तिच्यावरून धाडकन गेली, पेटी उडाली आणि दोन्ही हातांत परत बसली. आकडा बघायला त्यानं मान वाकवली नाही.

"पाडली नाही," दादा म्हणाला.

"नाही पाडलीस."

मग दोन फळ्यांचं दार आलं. इथपर्यंतच, असं मिशीवाल्यानं हातानं सांगितलं. कडीवरची दादाची बोटं एकेक करून सुटली, करंगळी सगळ्यात शेवटी, आणि दार आत उघडलं, आणि मिटलं, आणि फळ्या थोडा वेळ हलत राहिल्या, मग थांबल्या.

वहिनी बाकावर बसली. तो उभाच होता. मिशीवाला गाडी आत सोडून रिकामे हात झटकत परत आला होता, त्याला यानं थांबवलं, पायाखाली बोट दाखवून विचारलं, तिथल्या मोडक्या भाषेत: या फरशीखाली काय आहे? तळघर? टाकी?

मिशीवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं. अशा वेळी माणसं काय वाटेल ते विचारतात, याची त्याला सवय असावी. "खाली?" तो म्हणाला. "खाली काही नाही. जमीन आहे."

त्यानं फरशीला टाच मारली. आवाज आला तो ठोस होता, आखूड, पुढे न जाणारा. वहिनीनं चमकून पाहिलं. त्यानं बाकाशेजारी, भिंतीच्या कडेला पेटी टेकवली, तिचे तिन्ही पाय नीट बसवले, पातळी साधली, आणि पहिला आकडा घेतला. मग तो वहिनीशेजारी बसला, एक हात खाली कडीवर ठेवून. शेवटचा आकडा दार उघडेल तेव्हा.